आंधळ्या खिडकीमागची टकटक

विश्वास ठेवा अथवा नका ठेवू, यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही.

ऑक्टोबर १९९४. लिमरिक शहर. वेळ रात्रीची नाही, दुपारी तीनची. लख्ख उजेड होता.

मी गवंडी. दोनशे वर्षं जुन्या, लाल विटांच्या एका घराची दर्शनी भिंत दुरुस्त करत होतो. मधोमध दार आणि दोन्ही बाजूंना मोजून सारख्या खिडक्या. वरच्या मजल्यावरची एक मात्र खोटी...

तिच्यामागे धुराड्याची भरीव भिंत. दोन्ही बाजू जुळाव्यात म्हणून खिडकीची नुसती चौकट ठेवून विटा भरलेल्या. आम्ही तिला आंधळी खिडकी म्हणायचो.

तीन आठवड्यांपूर्वी माझा जोडीदार फिन्टन तिथेच शिडीवरून पडून मेला.

शिडी घसरू नये म्हणून दोराने मी बांधायची होती.

मी बांधली नव्हती.

चौकशीत मात्र मी सांगितलं, ती फिन्टननेच बांधली होती.

त्या दुपारी मी परांचीवर एकटाच होतो. विटांच्या सांध्यांत चुना भरत होतो. आणि...

टक. टक. टक.

थापीच्या मुठीने वीट बसवतात ना, तसा आवाज. भिंतीच्या आतून.

मी थांबलो.

तोही थांबला.

कसाबसा खाली आलो. घरमालकीण मिसेस हॅनराहन ऐंशीच्या, नजर अधू. दोन महिने बहिणीकडे राहून त्या कालच परतल्या होत्या. धक्का बसेल म्हणून पुतण्याने त्यांना फिन्टनचं कळवलंच नव्हतं. त्यांनी टेबलावर चहा ठेवला...

दोन कप.

"तुझ्या दोस्तालाही बोलाव," त्या म्हणाल्या. "सकाळपासून ठोकतोय वर. हाका मारल्या तर ओ देत नाही. बहिरा झालाय की काय मेला?"

मी तडक फिन्टनच्या घरी गेलो. त्याची बायको ब्रीड बटाटे सोलत होती. मी उभ्या उभ्या सगळं कबूल केलं. शिडीचं, आणि चौकशीत खोटं बोललो त्याचंही.

तिने मान वर केली नाही.

"ठाऊक आहे मला, मॅलकी. तो म्हणाला होता."

"कधी?"

"काल."

सुरी चालतच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन जबाब बदलला. ते काम दुसऱ्या गवंड्याने पुरं केलं.

ब्रीड अजून रविवारी चर्चमध्ये भेटते. नीट बोलते.

पण तो आणखी काय म्हणाला... हे विचारायची हिंमत मला आजवर झालेली नाही.