बिनमुळाची झाडं

"खोटं बोलू नकोस. पाणी घातलं असतंस तर झाडानं अशी मान टाकली असती का?"

ठिणगी बोलून गेली खरी, पण धाकट्या भावाचा उतरलेला चेहरा पाहून तिलाच कसंतरी झालं. टिंबू एवढासा. झारी उचलताना तो वाकडा व्हायचा आणि निम्मं पाणी त्याच्याच बुटांत जायचं. तो रडला नाही. "घातलं होतं," एवढंच पुटपुटून त्यानं पाठ फिरवली.

सुट्टीतलं स्काउट शिबिर सुरू झालं, त्याच दिवशी शिबिरातल्या सगळ्यात लहान मुलांना, म्हणजे कबांना, एकेक रोप नेमून दिलं होतं. रोज पाणी घालून ते जपायचं. मग शेवटच्या दिवशी वचन घ्यायचं आणि गळ्यात स्कार्फ बांधून घ्यायचा. कबांना शिकवायचं काम ठिणगीच्या गटाकडे होतं. तिला ठिणगी का म्हणतात, हे विचारण्यापेक्षा एकदा तिच्याशी भांडून बघावं.

आणि आता, शेवटच्या दिवशी, ओळीतलं एकूण एक रोप सुकलं होतं. शिबिराच्या व्यवस्थापकांनी नाश्त्याच्या वेळीच जाहीर केलं, की ही पोरं आळशी आहेत आणि यंदा एकालाही स्कार्फ मिळणार नाही. हे बोलताना ते आरामात चहात बिस्कीट बुडवत होते. कबांनी हातातले घास तसेच खाली ठेवले. ठिणगीची कानशिलं तापली.

ती तडक रोपांपाशी आली. मागोमाग तिचा मित्र गाठ्या आला. त्याच्या खिशात कायम दोरी असे आणि दिसेल त्याला गाठ मारायची त्याला खोड होती. टिंबूच्या रोपाभोवती चांगला चिखल झाला होता. पोरगं खरं बोलत होतं तर! ठिणगीला स्वतःचाच राग आला.

"काठीचा आधार देऊन बघू," असं म्हणत गाठ्यानं रोपाला दोरी बांधली, जराशी ओढली, आणि अख्खं रोप त्याच्या हातात आलं. खाली मुळाचा एक धागासुद्धा नव्हता. टोक चाकूनं तिरपं कापलेलं होतं.

"हे रोपच नाही गं," तो म्हणाला. "फांदी खोचलीय नुसती."

शेजारचं हलवून पाहिलं, तेही तसंच. दोघांनी अख्खा परिसर पालथा घातला. जेवणघराच्या मागच्या झाडावर फांद्या छाटल्याच्या खुणा सापडल्या, आणि कोठीच्या आडोशाला खरी रोपं! काळ्या पिशव्यांत, आडवी पडलेली, कोरड्या ठणठणीत मातीत. शेजारी पहार होती, तिच्यावरचं दुकानाचं लेबलही निघालेलं नव्हतं. जमीन टणक, व्यवस्थापकांना खड्डे खणायचा कंटाळा, आणि उद्घाटनाचे पाहुणे दारात. फांद्या खोचल्या, हिरवंगार दिसलं, फोटो निघाले. मोठ्या माणसालाही कंटाळा येतो, हे एक वेळ समजू शकतं. पण त्याचं खापर एवढ्याशा पोरांच्या माथी मारायचं म्हणजे कमाल झाली.

ठिणगी तशीच निघाली होती व्यवस्थापकांना जाब विचारायला. गाठ्यानं तिची बाही धरली. आत्ता बोललो तर मुळं आपणच तोडली म्हणतील, त्यांना आधी सगळ्यांसमोर बोलू दे, असं त्याचं म्हणणं. राग गिळणं ठिणगीला कधी जमलं नव्हतं. त्या दिवशी तिनं तो गिळला, फांदी होती तशी खोचली आणि कबांना एकेक करून बाजूला घेऊन काहीतरी समजावलं.

दुपारी सगळे रोपांसमोर जमले. शिबिरप्रमुख बाई आल्या होत्या. व्यवस्थापकांनी आळशी पोरांची कहाणी पुन्हा रंगवून सांगितली. ठिणगीनं हात वर केला.

"सर, रोपं नीट लावली होती ना?"

"म्हणजे काय? मी स्वतः उभं राहून लावून घेतलीत. हातभर खोल खड्डे!"

"कबांनो," ठिणगी म्हणाली, "उचला."

ओळीतलं प्रत्येक पोर वाकलं आणि प्रत्येकानं आपापलं झाड दोन बोटांनी उचलून धरलं. कापलेली टोकं सगळ्यांना दिसली.

गाठ्या बाईंना कोठीमागे घेऊन गेला. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात पहार होती, ती त्यांनी व्यवस्थापकांना दिली. आज खड्डे तुम्ही खणायचे आणि एकट्यानं खणायचे, असं त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की कुणी हसायचं धाडस केलं नाही. मग त्या मुलांकडे वळल्या.

"मेलेल्या फांदीलाही रोज पाणी घालणारी मुलं मी आजवर पाहिली नव्हती. वचन घ्यायच्या आधीच तुम्ही ते पाळलंत. आणि ठिणगी, गाठ्या, मी जे आधी बघायला हवं होतं ते तुम्ही बघितलंत."

पहिला स्कार्फ टिंबूला होता. बाईंनी तो पुढे केला, पण टिंबू त्यांना वळसा घालून ठिणगीसमोर येऊन उभा राहिला.

"घातलं होतं ना मी पाणी?"

"घातलं होतंस," ठिणगी म्हणाली. "मी चुकले."

"मग ठीक आहे," म्हणून टिंबू मागे फिरला आणि त्यानं बाईंपुढे मान वाकवली.