गुंट्रामच्या थडग्याचं पान

"त्या चोरटीचं बिंग फोडा, शाफनरबाई! आज चार वाजता तिला बडतर्फ करायला गावसभा बसतेय. मला पुरावा हवा!"

माइनराड क्यूंगने टेबलावर अशी मूठ आपटली, की शाफनरबाईंच्या दिराच्या, काश्परच्या, बशीतला गाजराचा केक आडवा झाला. क्यूंग म्हणजे वेंडलिकोन गावातल्या हॉटेलचा मालक आणि ऑगस्टमधल्या उत्सवाचा अध्यक्ष. उत्सव कसला, तर हाब्सबुर्ग घराण्याच्या मूळपुरुषाचा. निम्म्या युरोपवर राज्य केलेलं हे घराणं आमच्या आरगाउ प्रांतातलं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. या घराण्यातल्या राडबोटने टेकडीवर किल्ला बांधला, इथवर सगळ्यांचं एकमत. पण त्याचा आजा, मूळपुरुष गुंट्राम, कुठे पुरलाय, यावर नुसता गोंधळ. सहाशे वर्षांपूर्वी याच घराण्याला आम्ही इथून हाकललं आणि आता त्यांच्या हाडांवरून आमची गावं भांडतात. लाज कशी ती नाही!

"मागच्या वर्षी शेजारच्या आल्टमूसच्या दप्तरखान्यात मी तीन आठवडे एकटा बसलो," क्यूंग सांगत होता. "तिथल्या चर्चच्या पास्टरच्या जुन्या रोजनिशीत मला ते पान सापडलं. हा फोटो बघा. 'सहा जानेवारी १७०१, तीन राजांचा सण. आज वेंडलिकोनला गुंट्रामचं थडगं पाहिलं.' मंगळवारी झ्युरिकला शाई तपासायची होती आणि आदल्या गुरुवारी पान गायब! दप्तरखाना सांभाळणारी वेरेना लुशर आल्टमूसची. आमचा मोठेपणा तिला बघवेना!"

"गुरुवारी रोजनिशीपाशी कोण कोण गेलं होतं?" ओटीलिया शाफनरने विचारलं. कोर्टात तीस वर्षं कारकुनी करून ती या गुप्तहेरीच्या धंद्यात आली होती. आरडाओरडा करणाऱ्या माणसांचा तिला मनस्वी तिटकारा होता.

"वेरेना, त्यांचा गावप्रमुख हुंत्सिकर आणि पाहुण्यांना घेऊन गेलेला मी. पण मी स्वतःचंच पान का चोरीन?"

तो गेल्यावर काश्पर म्हणाला, "खरंय की, वहिनी. ज्याचा फायदा, तो कशाला चोरेल?"

"केक संपवा, भावोजी. निघायचंय."

आल्टमूस सुधारक, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाचं, वेंडलिकोन कॅथलिक. मध्ये एक ओढा आणि पिढ्यान्‌पिढ्यांची अढी.

हुंत्सिकर दारातच उखडला. "मी चोरलं म्हणता? त्या पानाने आमचं नाक कापलं, मान्य. पण उत्सव दोन्ही गावांचा ठरला होता. सगळं सुरळीत चाललं होतं, तर या बाईने शाई तपासा, शाई तपासा म्हणून वरपर्यंत अर्ज केले. काय नडलं होतं?"

"म्हणजे तपासणी वेरेनाबाईंनीच मागितली?"

"मग कोणी? आणि पान हरवलं तेही तिच्याच ताब्यातून!"

दप्तरखान्यात वेरेना लुशर ताठ उभी होती. चाळीस वर्षं या कागदांवर तिने मुंगी फिरकू दिली नव्हती.

"तुम्ही क्यूंगची माणसं," ती म्हणाली. "तुम्हाला काय सांगायचं? सांगायचं त्याला मी मार्चमध्येच सांगितलंय. ही रोजनिशी. बघा आणि चालते व्हा."

"तोंड बघा!" काश्पर पुटपुटला. "हिनेच चोरलं असणार."

सुटी पानं दोऱ्यात ओवून रोजनिशी केलेली होती. पास्टरने वर्षानुवर्षं एका दिवसाचा खाडा केला नव्हता. काश्पर चष्मा लावून वाचायला लागला आणि फिस्सकन हसला.

"वहिनी, ऐका. एकतीस डिसेंबर: 'शेळी अडली आहे. आज रात्र जागावी लागणार.' पुढचं पान, बारा जानेवारी: 'रात्रभर जागलो. पहाटे शेळी सुटली, दोन करडं.' बारा दिवस अडली होय शेळी?"

ओटीलियाने दोन्ही पानं पाहिली. मग क्यूंगचा फोटो पाहिला. तिचा चेहरा लालबुंद झाला.

"चला सभेला," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

आल्टमूसच्या चारच्या सभेत ठराव लिहून तयार होता; तक्रार करणारा क्यूंगही पुढे बसला होता. फक्त हात वर व्हायचे राहिले होते.

"थांबा!" ओटीलिया म्हणाली. "ते पान खोटं होतं. आल्टमूसमध्ये १७०१ साली सहा जानेवारी उजाडलाच नाही!"

हुंत्सिकरने ठराव खाली ठेवला.

"पोपने दिनदर्शिका सुधारली, ती कॅथलिक गावांनी त्याच काळात घेतली. इकडचे सुधारक मात्र शंभरावर वर्षं हटून बसले. शेवटी नमले, ते १७०० च्या अखेरीला; मागे पडलेले अकरा दिवस गाळून टाकले. एकतीस डिसेंबरला झोपले आणि उठले ते बारा जानेवारीला. पास्टरची शेळी एकच रात्र अडली होती. पण खोटं पान लिहिणाऱ्याला वाटलं, मधली पानं गळालीत, आयती जागा आहे. वर त्याने सुधारक पास्टरला तीन राजांचा सण पाळायला लावला. हा सण ओढ्यापलीकडच्या कॅथलिकांचा."

"मग चोरलं कोणी?" हुंत्सिकरने विचारलं.

"तपासणीला जो भ्याला त्याने. वेरेनाबाईंनी तर ती मागून घेतली. पान खोटं ठरतं, तर तुमच्या गावाचं नाक वर झालं असतं, म्हणजे तुम्हालाही फायदाच. पान खोटं ठरण्याची भीती एकट्या लिहिणाऱ्याला. तीन आठवडे रोजनिशीपाशी एकटं कोण बसलं होतं? बोला, क्यूंगसाहेब!"

क्यूंग खुर्ची ढकलून उठला. "हो, जाळलं मी ते! थडगं आमच्याच गावात आहे, माझा बाप सांगायचा. कागद नव्हता म्हणून मी कागद केला. कोणाचं काय बिघडलं?"

"या बाईंचं बिघडलं!" ओटीलिया कडाडली. "पान जाळायचं होतं, तर निदान तिच्या गळ्यात धोंडा बांधायचा नव्हता! आणि मला भाड्याने आणून तो धोंडा माझ्याकडून बांधून घेणार होतात!"

क्यूंग तरातरा निघून गेला. हुंत्सिकरने ठराव टराटरा फाडला आणि घसा खाकरला.

"वेरेनाबाई, झालं गेलं विसरून जा. सोमवारपासून या कामावर."

"विसरू?" वेरेना उठली. "मार्चमध्ये मी तुमच्याकडे आले होते. पान खोटं आहे म्हणून सांगितलं. तुम्ही म्हणालात, 'बाई, धूळ झटका आणि गप्प बसा.' आणि गेल्या रविवारी चर्चच्या पायरीवर उभं राहून मला चोर म्हणालात. आता त्याच पायरीवरून सांगा, मी चोर नाही."

"अहो, लोकांसमोर...?"

"चोर म्हणताना लोक नव्हते?"

हुंत्सिकरने आजूबाजूला पाहिलं. सगळे वेरेनाकडे बघत होते. त्याने मान खाली घातली.

"रविवारी किती वाजता येऊ?" त्याने विचारलं.