चार मिनिटांचं दार

दाराच्या डाव्या कडेची काळी रेघ चार पिक्सेल रुंद होती. तोरुनने ती तीनदा मोजली, चष्मा पुसला आणि चौथ्यांदा मोजली. खाडीपलीकडून, सहाशे मीटरवरून घेतलेल्या त्या फोटोत चार पिक्सेल म्हणजे साधारण तीन बोटं. दार तीन बोटं उघडं होतं.

ते उघडं असणं शक्य नव्हतं. सहा वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा तोरुनच्या भावाने, आइलिफने, त्या दारावर दोन फळ्या आडव्या ठोकल्या होत्या. खिळे तोरुननेच हातात दिले होते.

तिची कामाची रीत ठरलेली होती. तिकाटण्यावर कॅमेरा लावायचा आणि पाच-सहा सेकंदांत एकाच दृश्याचे तीन फोटो घ्यायचे. पहिला झटकन, आभाळासाठी. दुसरा डोंगरासाठी. तिसरा दोन सेकंदांचा, किनाऱ्यावरच्या काळ्या दगडांसाठी. मग घरी बसून प्रत्येकातला चांगला भाग घ्यायचा आणि तिन्ही असे मिसळायचे की सांधा कुणाला दिसू नये. सावल्या ती मुद्दाम थोड्या काळ्याच ठेवायची. डोळ्याला सगळं एकदम दिसत नाही, मग फोटोत का दिसावं? तिची कॅलेंडरं गावात घरोघरी होती आणि लोक म्हणत, आमच्या खिडकीतून दिसतं तस्संच आहे.

खाडीपलीकडचं नेसेतचं घर, आईचं घर, पांढऱ्या रंगाचं. तिसऱ्या फोटोत ते नेहमी उजळून पांढराफेक डाग होऊन जायचं, म्हणून घर ती कायम पहिल्या फोटोतून उचलायची. पंधरा वर्षांत तिसऱ्या फोटोतल्या घराकडे तिने एकदाही बघितलं नव्हतं. परवा मात्र धुकं होतं. घर उजळलं नाही, आणि रेघ दिसली.

पहिल्या दोन फोटोंत दार बंद होतं. फळ्याही जागेवर होत्या.

तिने जुने फोटो काढले. फळ्या ठोकल्यानंतरचे, ढगाळ दिवसांचे असे सतरा संच निघाले. झटकन घेतलेल्या प्रत्येक फोटोत दार बंद. दोन सेकंदांच्या प्रत्येक फोटोत तीन बोटं उघडं. आणि जिथे तिने आठ सेकंद दिले होते, तिथे वीतभर.

"भिंगात कचरा असेल," आइलिफ फोनवर म्हणाला. "नाहीतर तुझ्या डोळ्यात."

"कचरा आठ सेकंदांत रुंद होत नाही."

"अगं, तीन वर्षं तुझं हेच ऐकतोय मी. आधी एक शेवटचा फोटो, मग हो सांगते. आता फोटोच दार उघडायला लागला. पुढच्या वर्षी कॉफीला बोलावेल."

त्याचं चिडणं साहजिक होतं. दर शरदात होडीने पलीकडे जाऊन छपरावर ताडपत्री बांधायचं काम त्याच्याकडे होतं, आणि गेल्या वेळी तो घसरून मनगट मोडून आला होता. गावचं अग्निशमन दल अशी रिकामी घरं आग विझवायच्या सरावासाठी मागून घेतं. सकाळी अकराला पेटवतात, चारपर्यंत जोतं उरतं. शेजारीपाजारी थर्मास घेऊन बघायला येतात. नेसेतसाठी शनिवार ठरला होता. दलाचा प्रमुख योस्टाइन याला दोघा भावंडांचा होकार हवा होता. आइलिफचा मिळाला होता. तोरुनला गुरुवारी दुपारपर्यंत मुदत होती.

बुधवारी सकाळी तिने भिंगावर काळी काच चढवली. त्या काचेने भर दिवसाही फोटो हवा तितका वेळ घेता येतो. इतका वेळ घेतलेल्या फोटोत जे हलतं ते पुसलं जातं. पाण्याचं दूध होतं, पक्षी नाहीसे होतात, जाणारी बोट उमटतच नाही. उमटतं ते फक्त स्थिर असलेलं.

तीस सेकंदांत दार अर्धं उघडलं होतं. फळ्या नव्हत्या.

चार मिनिटांत ते सताड उघडं होतं. कड रेखीव, कुठे हलल्याची खूण नाही. जणू चारही मिनिटं ते तसंच उघडं उभं होतं. आतला बोळ दिसत होता आणि त्यात चिंध्यांची पट्टेरी सतरंजी अंथरलेली होती. ती सतरंजी तोरुनने स्वतः कचरा डेपोत नेऊन टाकली होती.

त्या चार मिनिटांत तिने दुर्बिणीवरून डोळा हटवला नव्हता. दुर्बिणीत दार बंद होतं.

भीती वाटायला हवी होती, हे तिला कळत होतं. पण तिने वही काढली आणि वेळा एकाखाली एक लिहिल्या. एक गोष्ट अजून तपासायची राहिली होती. तिथे खरोखरचा माणूस उभा केला तर?

गुरुवारी आइलिफ कुरकुरतच आला. "हे झालं की हो सांगणार?"

"हे झालं की सांगते. हो किंवा नाही."

"बाईसाहेबांची कृपा," म्हणून त्याने होडी सोडली.

दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. "पोचलो. आता काय करू?"

"फळीवर हात ठेव आणि हलू नकोस. चार मिनिटं."

"फळी भक्कम आहे. खिळे गंजलेत. ऐकलंस? दार बं-द आहे."

"बोलू नकोस, हलतोस तू."

तिने बटण दाबलं आणि दुर्बीण लावली. लाल जाकीट, पाठ तिच्याकडे, उजवा हात फळीवर. तो चांगला उभा राहिला. एकदाच त्याने मान किंचित कलती केली, आतून काही ऐकू यावं तशी.

चार मिनिटं झाली. "ये परत," ती म्हणाली. तो पायवाट उतरून होडीत बसेपर्यंत ती बघत राहिली. मगच तिने पडद्याकडे पाहिलं.

दार उघडं होतं. पायरीवर कुणी नव्हतं.

आइलिफ बोळात होता. लाल जाकीट, पाठ तिच्याकडे, सतरंजीवर उभा. पायांत नुसते मोजे. बूट उंबऱ्याशी नीट जोडीने काढून ठेवलेले, आईला लागायचे तसे.

तो किनाऱ्याला लागला, तेव्हा तिने आधी त्याच्या पायांकडे बघितलं. बूट पायांत होते. नाड्याही बांधलेल्या.

"काय आलं?"

"अजून एक घ्यायचाय. बस इथे, माझ्याजवळ."

"पलीकडे कुणी नाही आता."

"म्हणूनच."

तो शेजारच्या दगडावर बसला आणि डबा उघडून तपकिरी चीज लावलेला पाव खाऊ लागला. तिने बटण दाबलं. चार मिनिटं त्याचं कोपर तिच्या कोपराला लागत होतं. तो नेहमीसारखाच चावत होता. एकदा थांबला.

"आईच्या खोलीचं दार कोणत्या बाजूला होतं गं? डावीकडे ना?"

"डावीकडे. का?"

"काही नाही. आत्ता एकदम आठवलं."

पडद्यावर फोटो आला. तोरुनने कॅमेरा थोडा आपल्याकडे वळवून घेतला.

बूट उंबऱ्याशी होते.

आइलिफ अजून आतच होता. आधीपेक्षा दोन पावलं पुढे. त्याचं तोंड डावीकडे होतं आणि हात कडीवर.

तिने मोठं करून बघितलं. पुन्हा बघितलं. मनगटाला मोडल्यापासून बसलेला हलका बाक तोच होता.

"दाखव की," आइलिफ म्हणाला.

"धूसर आलाय."

"वाटलंच होतं मला." त्याने पाय दगडावर आपटले. "पाय गार पडलेत गं. बूट तर कोरडे आहेत."

फोन वाजला. योस्टाइन होता.

"तोरुन, पोरांना पाइप गाडीत भरायला सांगू का? हो की नाही, एवढंच बोल."

आइलिफ पाव हातात धरून तिच्याकडे बघत होता. तिने त्याच्या बाहीला घट्ट धरलं. जाकीट गरम होतं.

"नाही," ती म्हणाली. "नेसेतचं घर जाळायचं नाही. आत माणूस आहे."