आप्पांचं लवकर आलेलं उत्तर

टायटनवर खिचडी भूक लागली म्हणून शिजत नाही. आप्पांचा आवाज यायची वेळ झाली की शिजते. निदान ऋजुता पेंढारकरच्या कुकरात तरी तसंच चालायचं!

शनीच्या या चंद्रावर बाहेर सदानकदा नारिंगी धुकं आणि आत उरलेल्या दोनच बायका. ऋजुता हवामानशास्त्रज्ञ, तर फिलोमिना डाबरे, मूळची वसईची, संपर्कप्रमुख. बाकीचे परतले होते आणि नवी तुकडी अजून वाटेत होती. पृथ्वीवर ऋजुताचं म्हणावं असं एकच माणूस होतं, मंगळवेढ्याचे निवृत्त विज्ञानशिक्षक, म्हणजे आप्पा. ठरल्या वेळी ते यंत्रासमोर बसलेले असत. पण हिचा संदेश प्रकाशाच्या वेगाने गेला तरी पोचायला तासाच्या वर लागायचा, आणि उत्तर यायलाही तेवढाच.

"एवढ्या वेळात भांडणसुद्धा शिळं होतं हो, आप्पा!" ती कुरकुरायची.

मग तिने युक्ती काढली. उत्तराच्या बेताने कुकर लावायचा. शिट्टी झाली की आप्पा सुरू, आणि बापलेक एकत्र जेवणार. मध्ये कोट्यवधी किलोमीटर, एवढंच काय ते!

उत्तर कधी येईल याचं गणित पहिल्यांदा ती रोज मांडायची. ती सवय आप्पांचीच. पुढे कंटाळा आला आणि जुन्याच आकड्यावर भागू लागलं. आज मात्र तिला स्वतःचीच लाज वाटली. पृथ्वी सूर्याभोवती फिरत लांब चाललीय, आणि आपण तोच आकडा धरून बसलोय? तिने नव्याने हिशेब केला आणि कुकर उशिरा लावला.

शिट्टी व्हायच्या आधीच आप्पा बोलू लागले.

"काय गं, तांदूळ धुतलेस, की नुसतेच ओतलेस?"

ऋजुता हसली. मग तिने घड्याळाकडे पाहिलं, आणि हसू ओठांवरच राहिलं.

"फिलोताई, तुमचं घड्याळ बिघडलंय."

"माझं घड्याळ? जीभ आवर, पोरी."

"अहो, उत्तर अकरा मिनिटं लवकर आलंय."

"मग बरंच झालं की. लवकर जेव."

"बरं काय त्यात? प्रकाशाला कुणी घाई करू शकत नाही. पृथ्वी लांब गेलीय, म्हणजे उत्तराला उशीर व्हायला हवा. लवकर यायचं तर एकच..." तिचा आवाज बारीक झाला. "ते पृथ्वीवरून निघालेलंच नसेल."

फिलोमिनाने हातातला कप खाली ठेवला. "बस इथे."

ऋजुता उभीच राहिली.

"हल्ली लोक मृत्युपत्राबरोबर प्रतिवाणी करून ठेवतात, माहितीय ना? माणसाचं आयुष्यभराचं बोलणं ऐकून त्याच्यासारखं बोलायला शिकलेलं यंत्र. तुझ्या आप्पांची प्रतिवाणी इथेच आहे, आपल्या स्मृतिकोशात. तू बोललीस की ठरलेला वेळ थांबते, मग उत्तर देते."

"कधीपासून?"

"तुला हुरड्याचं सांगत होते बघ, त्याच आठवड्यात गेले. झोपेत."

हुरड्याला महिने झाले होते. त्यानंतर ती आप्पांशी दोनदा भांडली होती, एकदा रुसलीही होती. कुणावर?

"सगळी तयारी त्यांनी आधीच केली होती," फिलोमिना म्हणाली. "घर शाळेच्या वाचनालयाला, देह वैद्यकीय महाविद्यालयाला. हे मला चुटकीसरशी सांगून टाकलं. मग तुझ्यावर आले आणि अडखळले. म्हणाले, 'आमच्यात सुतक बातमी कळल्यापासून धरतात. तिला कळेपर्यंत मी गेलेलो नाही. तिथे नवी माणसं येईस्तोवर मला तेवढं जिवंत ठेवा.'"

"आणि वेळ बदलत ठेवायला विसरले!" ऋजुता ओरडली. "पृथ्वी थांबत नाही, हे अख्ख्या तालुक्याला शिकवणारा माणूस..." ती थबकली. "विसरले?"

"मी विचारलं होतं. मास्तर, हा आकडा रोज बदलावा लागेल ना? तर म्हणाले, 'मुळीच नको. तिने गणित सोडून दिलं असेल, तर तिला अजून मी लागतोय. ज्या दिवशी मांडेल, त्या दिवशी तिला कळू दे. तेवढं शेजारी बसा म्हणजे झालं.'"

कुकरची शिट्टी झाली. दोघींपैकी कुणीच उठलं नाही.

ऋजुताने ध्वनिग्राहक जवळ ओढला.

"आप्पा, तुम्ही गेलात?"

उत्तर लगेच आलं. थांबायचं सोंग आता संपलं होतं.

"हो गं. एवढं सोपं गणित, त्याला इतके दिवस?"

टायटनवर आल्यापासून तीन वर्षं तिला हेच हवं होतं. विचारलं, की लगेच उत्तर. आता गप्प राहिली ती ऋजुता. खिचडी निवत गेली, आणि पलीकडे तिची वाट बघत कुणीच बसलेलं नव्हतं.