शेंदराच्या पोटातली अक्षरं

पनवेलच्या कुमुदताईंना खाडीकाठच्या देवीच्या दगडावरचा लेख वाचायचा होता. नऊ वर्षं! इथल्या जुन्या बंदराचा तेवढा एकच पुरावा. पण दगडावर चार बोटं जाड शेंदूर आणि गाव तो खरवडू देईल तर शपथ. त्यात येत्या सोमवारी खाडी बुजवणारे भरावाचे डंपर देवीपर्यंत पोचणार होते.

शनिवारी सकाळी कमळाकर कोळ्याचा फोन आला. "ताई, देवीनं कवच सोडलं!" शेंदराचा तो जाड थर आपसूक गळून पडला होता. ताई धावल्या. तिवरांच्या चिखलात गुडघाभर रुतल्या, एक चप्पल तिथेच राहिली. पोचून पाहतात तो देवी पुन्हा लालभडक!

"अरे, परत फासलास शेंदूर?"

"मंग? देवीला उगडी ठेवू?"

तेलही गेलं, तूपही गेलं! ताईंनी कपाळावर हात मारला. गळलेलं कवच होडीत होतं, रिवाजाप्रमाणे खाडीच्या तोंडाशी विसर्जनाला निघालेलं. वैतागून त्यांनी ते उलटं केलं. आतल्या बाजूला दगडावरची अक्षरं उमटली होती. उलटी, पण ठसठशीत!

"थांब, मी पण येते!"

पावडरच्या डबीच्या आरशात बघत ताई अक्षरं वहीत उतरवू लागल्या. वारा उठला. फोटोसाठी पिशवीतून कॅमेरा काढला, तोच पहिल्या लाटेने तो भिजवला. दुसरी आडवी आली. होडी कलली! पाणी आत!

"टाका त्ये! वजनानं बुडू!" डब्याने पाणी उपसत कमळाकर ओरडला.

"थांब रे! एकच ओळ राहिलीय!"

शेवटचं अक्षर टिपलं आणि ताईंनी नऊ वर्षांची तपश्चर्या दोन्ही हातांनी पाण्यात सोडली. होडी सरळ झाली. ताई मात्र हुंदके देऊन रडल्या.

काठावर त्यांनी ओली वही वाचून दाखवली. ही खाडी राजाने होडीवाल्यांना दिली आहे. जो बुजवील त्याचं वाटोळं होवो.

"ह्ये व्हय?" कमळाकर म्हणाला. "ह्ये तर आमची गंगाबाई आत्या रोज सांगते. तिच्या आजीनं सांगितलेलं."

"मग नऊ वर्षं बोलला का नाहीस, मेल्या?"

"तुमी दगडाला इचारत व्हतात. आमाला कवा इचारलंत?"

ताईंनी उरलेली चप्पलही भिरकावून दिली.

"बघतोस काय? सोमवारला दोनच दिवस आहेत. चल आत्याकडे, तिची साक्ष लिहून घेऊ आणि डंपर अडवू!"