उतरलेला षड्ज

दवाखान्यातल्या खुर्चीवर बसल्यावरही उत्तराने अंगावरची शाल काढली नाही. बाहेर मिरजेत एप्रिलचं ऊन रणरणत होतं. डॉ. फरझाना मुल्ला यांनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं, उठून पंखा बंद केला आणि मग रुमालाने स्वतःचा घाम टिपत त्या म्हणाल्या, "हात दाखवा, ताई."

उत्तराने मनगट पुढे केलं. कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढा आरोग्यकण होता. आता जवळजवळ सगळ्या शहराच्या मनगटात तो होता. त्याचा हिरवा दिवा नेहमीसारखाच शांत होता. हिरवा, म्हणजे सगळं ठीक.

"हाच माझा वैरी," उत्तरा म्हणाली. तिचा आवाज जड झाला होता, शब्द सावकाश येत होते. "मी म्हणते थकवा येतो, केस गळतात, थंडी वाजते, पाळी तर कधीच गेली. डॉक्टर याच्याकडे बघतात आणि म्हणतात, वयोमानाने होतं. एकांनी सांगितलं, मनाचे खेळ आहेत. एखादा छंद लावून घ्या, गाणं वगैरे."

"ती पंचवीस वर्षं गाणं शिकवते," शेजारी बसलेला अनिरुद्ध म्हणाला. तो तिचा नवरा. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा आणि घरी बायकोचा तंबोरा लावायचा.

"मला आजार हवाय असं नाही हो," उत्तरा म्हणाली. "पण मी खोटं बोलत नाहीये, एवढं तरी कुणी म्हणा. हल्ली माझं मलाच खरं वाटेनासं झालंय."

डॉक्टर तिच्या पायापाशी वाकल्या. त्यांनी तिच्या टाचेमागे रबरी हातोडीने हलकेच टोला दिला. पाऊल हललं आणि अगदी रेंगाळत जागेवर आलं. डॉक्टरांनी पुन्हा टोला दिला. पुन्हा तसंच.

"थायरॉइड मंदावली की पाऊल असं रेंगाळू शकतं. सांगते," त्या स्टूल ओढून बसत म्हणाल्या. "गळ्यातली थायरॉइड म्हणजे शेगडी. अंगाला ऊब, मनाला हुशारी, सगळं तिच्यावर. आणि मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते, पिट्युटरी म्हणतात ती. ही म्हणजे माजघरातली सासू. शेगडी मंदावली की ओरडते, 'गॅस मोठा कर गं!' आम्ही डॉक्टर स्वयंपाकघरात सहसा जात नाही. सासूचा आवाज चढला नसेल तर शेगडी ठीक आहे, असं धरून चालतो."

"आणि सासूच आजारी असली तर?" उत्तराने विचारलं.

"तर घरात शांतता असते. शेगडी विझत येते आणि कुणी ओरडत नाही."

उत्तराला हसू आलं. किती तरी दिवसांनी.

"पण मग रक्तात दिसेल ना?" अनिरुद्ध म्हणाला.

"काल तपासलंय. थायरॉइडची पातळी मर्यादेच्या अगदी तळाशी आहे, पण मर्यादेत आहे. संकटात शरीर सांभाळणाऱ्या कॉर्टिसोलचंही तेच, तेही पीयूषिकेच्याच हुकमावर. काही माणसांची प्रकृतीच तशी असते. ताईंची आधी किती होती, ते कळल्याशिवाय काही म्हणता येत नाही."

"ते तर कण सांगेल की," अनिरुद्ध म्हणाला.

"नाही सांगणार. लोकांची खासगी माहिती साठू नये म्हणून कणात आकडे ठेवतच नाहीत. तो फक्त कालच्याशी आजची तुलना करतो आणि आजचं उद्यासाठी प्रमाण धरतो. हृदयविकाराचा झटका, विषबाधा, असं अचानक काही झालं की लगेच लाल होतो. त्याने हजारो जीव वाचवलेत. पण माणूस वर्षानुवर्षं तीळतीळ उतरत गेला, तर कणही त्याच्याबरोबर खाली उतरतो."

"म्हणजे पट्टीचं शून्यच सरकत जातं," अनिरुद्ध म्हणाला. आणि बोलता बोलता त्याने चटकन उत्तराकडे पाहिलं.

"मग गोळी देऊन तर बघा," उत्तरा म्हणाली.

"अंदाजाने नाही. पीयूषिका बिघडली असेल तर आधी कॉर्टिसोल भरून काढावं लागतं. ते सोडून थायरॉइडची गोळी दिली तर जिवावर बेतू शकतं. शिवाय तिथे गाठ असेल आणि वाढत असेल, तर डोळ्यांच्या नसा दाबल्या जातील. मला मेंदूचं चित्र काढायचंय. पण कण हिरवा असताना बदलाचा पुरावा दिल्याशिवाय आरोग्य मंडळ परवानगी देत नाही." डॉक्टर थोड्या पुढे झुकल्या. "घरात असं काही आहे का, जे ताईंबरोबर सरकलेलं नाही?"

फोटो होते. चेहरा सुजल्यासारखा दिसत होता खरा, पण पन्नाशीत कुणाचा दिसत नाही? मग उत्तराच म्हणाली, "माझा सूर. आवाज जाडसर झालाय, पण सूर हललेला नाही. हार्मोनियमची काळी चार. गुरुपौर्णिमेला मी दरवर्षी भूपातली तीच बंदिश गाते. रेकॉर्डिंगं फोनमध्ये आहेत."

आवाजावर थायरॉइडचा परिणाम होतो, हे डॉक्टरांना माहीत होतं. त्यांनी सुराची उंची मोजणारा ध्वनिमापी सुरू केला. सहा वर्षांपूर्वीचं गाणं लागलं, मग गेल्या वर्षीचं. दोन्ही सुरेल. तंबोऱ्यात आवाज चपखल मिसळलेला. फक्त पडद्यावरची रेघ दुसऱ्या वेळी बरीच खाली उमटली.

"ताई, पहिली काळी चार आहे. ही दुसरी पांढरी चार, तीन पट्ट्या खाली."

"शक्यच नाही! तंबोरा तर..." उत्तराने नवऱ्याकडे पाहिलं. घरात बांधलेल्या सुरांच्या हार्मोनियमला थारा नव्हता. तिचा षड्ज तंबोरा सांगेल तिथे असे, आणि तंबोऱ्याच्या खुंट्या अनिरुद्धच्या हातात.

तो आपल्या बोटांकडे बघत होता.

"वरचा गंधार लावताना तुझ्या कपाळावर आठी यायची," तो हळू म्हणाला. "मी खुंटी जराशी सैल केली. आठी गेली. पुढच्या वर्षी परत आली. मग परत."

"आणि मला बोलला नाहीस?"

"तू पोरींना केवढ्या दिमाखात सांगायचीस, मी काळी चारची म्हणून! कसं बोलू?"

"सर," डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही आणि कणाने एकच गोष्ट केलीत."

"त्याला कण म्हणू नका," उत्तरा म्हणाली. "कणाला आठी दिसत नाही."

आवाजावरून निदान होत नसतं, पण बदलाचा पुरावा म्हणून ते गाणं पुरलं. मेंदूचं चित्र निघालं. पीयूषिकेतून वालाच्या दाण्याएवढी गाठ वाढली होती, साधी, वेळेवर सापडलेली. पडद्यावर ती बघताना उत्तराच्या डोळ्यांना धार लागली. अनिरुद्ध तिला धीर देऊ लागला तर म्हणाली, "घाबरून नाही रे रडत. बघ ना, खरंच होतं."

नाकावाटे शस्त्रक्रिया करून गाठ काढली. आधी कॉर्टिसोलची गोळी सुरू झाली, मग थायरॉइडची, बेताबेताने वाढवत. शाल आधी खांद्यावरून खुर्चीवर गेली आणि मग कपाटात.

एका सकाळी उत्तरा थालीपीठ थापत असताना मनगटात कर्कश शिट्टी वाजली. कण लालभडक झाला होता. लगोलग फोन बोलू लागला, "आपल्या प्रकृतीत गंभीर बिघाड आढळला आहे. कृपया पडून राहा. रुग्णवाहिका निघाली आहे."

अनिरुद्ध धावत आला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "तरी मी म्हणत होतो, औषध जास्त होतंय! झोप आधी. झोप!" त्याने डॉक्टरांना फोन लावला.

"ताईंना द्या," डॉक्टर म्हणाल्या. "ताई, काय होतंय?"

उत्तराने घाबरत घाबरत स्वतःला चाचपून पाहिलं. "भूक लागलीय," ती म्हणाली. "आणि जरा उकडतंय."

"मिरजेत आज सगळ्यांनाच उकडतंय," पलीकडून हसू ऐकू आलं. "कालच्या तपासण्या माझ्या समोर आहेत, उत्तम आहेत. कणाचं ऐकू नका. तो तुमच्या आजारालाच तुमची प्रकृती समजून बसला होता. उतरायला तुम्हाला वर्षं लागली, तेव्हा तो गप्प होता. चढलात भराभर, म्हणून ओरडतोय. त्याच्या लेखी ती जुनी उत्तरा धोक्यात आहे." मग त्या हळू म्हणाल्या, "माझाही हिरवाच आहे हो. आता त्याच्याकडे बघून पूर्वीसारखं निर्धास्त वाटत नाही."

फोन ठेवून उत्तराने हात धुतले आणि ती तंबोऱ्यापाशी जाऊन बसली. तार छेडली. सूर तिच्या गळ्याच्या किती तरी खाली, चिखलात बसल्यासारखा वाटला.

"चढव," ती म्हणाली.

"आत्ता? अगं, ते लोक येतायत."

"येऊ देत. चढव."

अनिरुद्धने खुंटी पिळली. "तार तुटेल."

"तुटली तर दुसरी घालू."

समोर डॉक्टरांनी घरी दिलेला ध्वनिमापी पडला होता. त्याच्याकडे त्याने पाहिलंही नाही. खुंटी थोडी पिळायची आणि तिच्या कपाळाकडे बघायचं, असं त्याचं चाललं होतं. आठी नव्हती. अजून थोडी पिळली. नव्हतीच.

"बास?"

"अजून."

फाटकाशी रुग्णवाहिका येऊन थांबली. दोघं जण स्ट्रेचर घेऊन घाईघाईने पायऱ्या चढले. आत एक बाई मनगटावर लाल दिवा मिरवत डोळे मिटून बसली होती. दोघं उंबऱ्यावरच थांबले, तिचा षड्ज लागेपर्यंत.