गीत : पारंपरिक

गोडोलीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात नळाला पावणेसहाला पाणी येई आणि सव्वासहाला जाई. तेवढ्या अर्ध्या तासात क्रांती पिण्याचे दोन हंडे आणि न्हाणीतलं पिंप भरून घेई. मग एका शेगडीवर चहा, दुसरीवर तवा. सयाजीरावांचा डबा साडेसातला तयार लागे : चार चपात्या, एक सुकी भाजी, चिरलेला कांदा वेगळ्या डबीत. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर ते एका कारखान्याच्या फाटकावर पहाऱ्याची नोकरी करत. पण बूट अजूनही रोज चमकत आणि मनगटावरचं घड्याळ अजूनही पाच मिनिटं पुढंच चाले. त्या गुरुवारीही यातलं काही चुकलं नाही. तिसरी चपाती तव्यावर असताना सयाजीरावांनी वर्तमानपत्र तिच्यासमोर धरलं, आणि ती चपाती मात्र करपली.

"हे बघ! आपल्या सृष्टीला बक्षीस. फोटोसकट छापलंय!"

पदराला हात पुसत क्रांतीनं पेपर घेतला. 'स्वरगंध वार्षिक संगीत पुरस्कार' असा ठळक मथळा होता आणि खाली विजेत्यांची यादी. तिनं ती पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली, मुद्दाम, सावकाश, जणू शेवटच्या ओळीशी जितकं उशिरा पोचता येईल तितकं बरं! चित्रपटगीतासाठी पुण्याची एक गायिका, शास्त्रीय गायनासाठी धारवाडचे एक वयोवृद्ध बुवा, भक्तिगीतासाठी दोघे भाऊ, रॅपसाठी कुणी विशीतला तरुण… आणि मग लोकसंगीत. सृष्टी आप्पासाहेब लाड, सांगली. गाणं : 'हळकुंड पिवळं'. गीत व चाल : पारंपरिक.

त्या एका शब्दापाशी तिची नजर थांबली, आणि हलेना.

आनंद झाला… झाला कसा नाही? आईवेगळ्या त्या पोरीला तिनं कडेवर वाढवलं होतं! पण त्या आनंदाच्या तळाशी काहीतरी काळं, कडू साचत होतं, आणि ते काय आहे हे ओळखण्याइतकी ती प्रामाणिक होती. तो मत्सर होता. स्वतःच्या लेकरासारख्या बहिणीचा मत्सर!

"गप का गं? रडतीस काय?" सयाजीरावांनी विचारलं.

"चपाती करपली न्हवं, धूर गेला डोळ्यांत," ती म्हणाली, आणि तिनं चौथी चपाती लाटायला घेतली.

बावीस वर्षांपूर्वी कुंडलच्या घरात तिच्या लग्नाचा घाणा भरला होता. जात्याला हळकुंड-सुपारी बांधून सुवासिनींनी हळद दळायची आणि दळताना गायचं, ही तिथली रीत. नवरीनं मात्र त्या दिवशी गायचं नसतं. खाली मान घालून पाटावर बसायचं असतं. क्रांती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. सांगलीच्या संगीत विद्यालयात तिच्या तीन परीक्षा झाल्या होत्या. चौथीचा अर्ज भरलेला असतानाच वडिलांचं, आप्पांचं, अर्धं अंग लुळं पडलं आणि आलेलं स्थळ नाकारण्याची सोय उरली नाही. त्या आठवड्यात, उसाच्या फडाकडे भाकरी घेऊन जाता-येता, तिनं एक गाणं रचलं. शब्द तिचे, चालही तिचीच. पण ते गाणार कोण? शेवटी शेजारच्या धोंडुबाईला तिनं ते चार दिवस बसून शिकवलं. धोंडुबाईचा आवाज खडा. तिनं घाण्याला सुरुवात केली,

*"जात्याला बांधलं गं हळकुंड पिवळं,*
*दूरच्या साताऱ्याला म्हनू या जवळं…"*

आणि जमलेल्या बायकांनी ते अलगद उचललं. कुणाचं गाणं, हे कुणी विचारलं नाही. घाण्यात तसं कुणी विचारतही नसतं. जातं फिरतं, ओळीला ओळ जोडली जाते आणि जे पिठात पडतं ते सगळ्यांचं! पुढच्या लग्नसराईत शेजारच्या गल्लीत ते गाणं झालं, मग पलूसला, मग आणखी कुठं कुठं. नऊ वर्षांची सृष्टी धोंडुबाईच्या मांडीशी बसूनच ते शिकली होती. तिच्या लेखी ते आजी-पणजीच्या काळापासूनचं होतं.

सृष्टी चौदा वर्षांची झाल्यावर क्रांतीनं तिला साताऱ्याला आणून शिकवणीला घातलं. स्वतःही पुन्हा पेटी धरावी, असं तेव्हा तिच्या फार मनात होतं. पण एका घरात दोघींनी पहाटे रियाज केला, तर डबा कोण करणार? तिनं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि भाकरी थापता थापता सहा वर्षं त्या दाराआडून बहिणीचे स्वर ऐकले. जिथं सृष्टीचा गंधार चुके, तिथं तिचा हात परातीत थबके… आणि हे कुणालाच कधी कळलं नाही.

शनिवारी सकाळी सृष्टी सांगलीहून आली. हातात पेढे, खांद्यावर भारी पिशवी, चेहरा मात्र उतरलेला.

"दाजी, पेढे घ्या. आक्का, तू बस आधी. तुझ्याकडं काम हाय."

"बक्षीस मिळालं आन् तोंड असं का गं? आंबा आंबट निघाल्यावानी?" सयाजीराव हसले.

"कुणीतरी तक्रार केलीय, दाजी. हे गाणं जुनं न्हाई म्हणून. कुठल्याच संग्रहात सापडत न्हाई म्हणतात." तिनं पिशवीतून एक छापील कागद काढला. "लोकसंगीताचा नियमच हाय, गाणं परंपरेनं आलेलं पाहिजे. रचणारा माहीत असंल, तर ते त्या विभागात बसत न्हाई. गावाकडच्या जाणत्या माणसाची सही पायजे. धोंडुआज्जी असती तर… आता त्या घाण्याला होतं असं आपल्या घरातलं तूच उरलीस, आक्का."

क्रांतीनं कागद पाहिला. 'हे गीत आपण कोणाकडून ऐकलं?' असा एक प्रश्न होता आणि पुढं तीन रिकाम्या ओळी. खाली प्रतिज्ञा, सही, गाव. पुरस्कार सोहळ्याला नऊ दिवस होते.

किती सोपं होतं! धोंडुबाईचं नाव लिहायचं, सही करायची आणि आयुष्यभर जे केलं तेच आणखी एकदा करायचं. पण या वेळी हात उचलेना. गेल्या बावीस वर्षांत तिनं जे जे दिलं, ते न सांगता दिलं होतं. आता मात्र आपण कधी काही दिलंच नव्हतं, असं तिनं स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायचं होतं!

"मी सही करणार न्हाई," ती म्हणाली.

सृष्टीला वाटलं, आक्का थट्टा करते आहे. "आगं, कर की. भ्यायचं काय त्यात?"

"ते गाणं जुनं न्हाई. धोंडुबाईचं न्हाई. माझं हाय ते, सृष्टी. मी रचलंय."

सृष्टीच्या चेहऱ्यावर प्रथम आश्चर्य, मग अविश्वास, आणि मग ते उमटलं, ज्याची क्रांतीला सर्वांत भीती होती.

"इतकी वर्षं हे गाणं गातीया मी. तुझ्यासमोर गायलेय! तवा का बोलली न्हाईस? आज पेपरात नाव आलं, तवाच कसं आठवलं तुला?" तिचा आवाज चिरकला. "खरं सांग आक्का… बघवत न्हाई व्हय तुला माझं?"

"सृष्टे!" सयाजीराव गरजले.

"थांबा, आवं," क्रांती शांतपणे म्हणाली. "ती खोटं बोलत न्हाई." ती बहिणीकडं वळली. "न्हाई बघवत. खरंच न्हाई बघवत! गुरुवारपास्नं जळतीया मी. तुझा फोटो बघितला आन् पोटात आग पडली. त्या स्टेजवर मी असते तर… असं वाटतं मला. लाज वाटती, पण वाटतं! म्हणून काय गाणं माझं न्हाई, असं होतंय व्हय?"

क्रांतीनं डोळे मिटले. दळणाच्या लयीत, कधीकाळच्या आपल्या तयार आवाजाच्या उरलेल्या चिंधीनं, तिनं ते कडवं म्हटलं, जे तिनं धोंडुबाईला शिकवलं नव्हतं. कारण ते ऐकलं असतं तर पाटावर बसलेल्या नवरीला मान खाली ठेवणं जमलं नसतं.

*"धाकुट्या बहिनीची गं येनी कोन घालंल?*
*रिबिनीची गाठ तिची कुनासंगं बोलंल?"*

सृष्टी उभी होती तिथंच खाली बसली. आक्का सासरी गेल्यावर कित्येक दिवस ती विस्कटलेल्या केसांनी शाळेत गेली होती, आणि बाईंनी विचारलं तर म्हणायची, "आमची आक्का येणार हाय, मग ती घालंल वेणी…" आणि रिबिनीची गाठ बांधताना चाललेलं त्या दोघींचं बोलणं त्यांच्याखेरीज जगात कुणाला ठाऊक होतं!

"आक्का…" ती हुंदका देत क्रांतीच्या गुडघ्यांना बिलगली. "मी काय बोलून गेले गं! आईची जागा घेतलीस तू, आन् मी तुला…"

"उगी. तू बोललीस ते अर्धं खरंच हाय," क्रांती तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाली. "तेवढं अर्धं मला फेडायचं हाय अजून."

रडता रडताच सृष्टीनं ते कडवं पुन्हा म्हणून पाहिलं, अडखळत, एकेक शब्द चाचपत. आणि दुसऱ्याच वेळी त्या ओळी तिच्या गळ्यात अशा काही लागल्या, 'बोलंल'वरचा तो हलका खाली येणारा स्वर असा काही विरघळला, की सयाजीरावांनी तोंड फिरवलं. क्रांतीच्या काळजात पुन्हा तोच चटका बसला… गाणं आपलं, पण गळा हिचा! आपल्याला बावीस वर्षांपूर्वी जे ऐकू आलं होतं, ते आपल्या तोंडून कधीच असं उमटलं नसतं. चटका होता, पण आता त्याच्याकडं डोळे उघडे ठेवून बघता येत होतं.

बऱ्याच वेळानं सृष्टीनं तोंड धुतलं आणि तो छापील कागद उचलला.

"हे मी फाडते. त्यास्नी फोन करून सांगते, मी माघार घेतली म्हणून."

"फाडू नगंस. आण हिकडं."

"आक्का, जुनंच गाणं म्हणून तू सही केलीस तर चालंल का? म्हणजे… मी मागत न्हाई. पण पुढच्या कार्यक्रमांच्या तारखा ह्याच बक्षिसावर आल्यात. त्या जातील सगळ्या." ती स्वतःच्याच बोलण्यानं ओशाळली. "सोड. मी काही म्हणाले न्हाई."

राहू दे… क्रांतीच्या जिभेवर तो शब्द आला. पेटीच्या वेळी आला होता, परीक्षेच्या वेळी, प्रत्येक सणाला, प्रत्येक निरोपाला. राहू दे, माझं काय! त्या शब्दात किती माया होती आणि किती मूक अहंकार, हे तिला प्रथमच लख्ख दिसलं. न सांगता दिलेलं सगळं तिच्या आत नासलं होतं, आणि त्याचा वास गुरुवारी सकाळी तिला स्वतःलाच आला होता. आज पुन्हा दिलं, तर उरलेलं आयुष्य ती या पोरीच्या प्रत्येक टाळीवर जळत राहील. असलं दान सृष्टीला नको होतं, आणि तिलाही.

ती जमिनीवर बसली. कागद पाटावर ठेवला. 'हे गीत आपण कोणाकडून ऐकलं?' या प्रश्नापुढं तिनं विद्यालयात गिरवलेल्या गोल अक्षरात लिहिलं : 'कोणाकडूनही नाही. हे गीत आणि त्याची चाल मी सन २००२ साली कुंडल येथे रचली. गायिकेला हे ठाऊक नव्हतं. तिचा दोष नाही.' मग तिनं सही केली. धोंडुबाईला न शिकवलेलं ते कडवं वेगळ्या कागदावर उतरवून जोडलं.

सृष्टी बघत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती "नको" म्हणाली नाही.

"मी टाकून येतो पोस्टात," सयाजीराव उठले.

"न्हाई. मीच जाते."

शनिवारी पोस्ट लवकर बंद होतं. क्रांती रिक्षा करून मुख्य पोस्टात गेली. सृष्टी आपण होऊन शेजारी बसली. स्पीड पोस्टाच्या खिडकीपुढं चार माणसं होती. पाळी आल्यावर क्रांतीनं पाकीट आत सरकवलं, कारकुनानं ते तोललं, चिठ्ठी चिकटवली आणि पावती बाहेर दिली. ती घेऊन ती वळली, तेव्हा सृष्टी दाराशी उभी राहून फोनवर कुणाला तरी शांत आवाजात सांगत होती, "नाही, सोहळ्याला मी येणार नाही. कारण तुम्हाला परवा पत्रानं कळेल."